पडद्यामागचा ट्रम्पेट

भाद्रपद जवळ आला की पेण आणि आसपासची गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांनी गजबजून जातात. येथे घडलेल्या मूर्ती मुंबईत जातात, महाराष्ट्रभर जातात आणि परदेशीही जातात. पेणहून निघून वडखळ मागे टाकावे आणि मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेची वाट धरावी, की गडब लागते. धरमतर खाडीच्या या पट्ट्यात आगरी-कोळी समाजाची वस्ती मोठी. हळदीची रात्र असो वा विसर्जनाची मिरवणूक, बँड, बेंजो किंवा अलीकडची ध्वनिक्षेपकांची भिंत यांवाचून या मंडळींचा आनंद पुरा होत नाही. अशा मिरवणुकीत नाचणाऱ्यांच्या गर्दीत एक पदन्यास हमखास दिसतो. हात कोपरात दुमडून किंचित वर धरलेले, पाय जेमतेम उचलले जाणारे, खांदे मात्र तालावर डोलणारे. ज्याने आयुष्यात नृत्याचा एकही धडा घेतला नाही अशा माणसालाही हे नृत्य जमते, आणि हेच त्याचे थोरपण.

हा पदन्यास भगवानदादांचा. गिरणीकामगाराच्या घरातून आलेल्या भगवान आबाजी पालव यांनी १९५१ साली 'अलबेला' हा चित्रपट काढला आणि त्यातील गाण्यांवर अवघा देश नाचला. संगीत होते सी. रामचंद्र यांचे, म्हणजे अहिल्यानगर, तेव्हाच्या अहमदनगर, जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. येथवरची कथा मराठी रसिकाला मुखोद्गत असते. पण त्या गाण्यांतील ट्रम्पेटची ललकारी, सॅक्सोफोनची लडिवाळ वळणे आणि बोंगोचा नवखा ठेका पुणतांब्याहून आला नव्हता, आणि दादर-परळच्या चाळींतूनही आला नव्हता. तो ज्यांनी आणला त्यांच्यात एक गोमंतकीय कॅथलिक गृहस्थ अग्रभागी होते. त्यांचे नाव आंतोनिओ झेवियर वाझ. मुंबईच्या नृत्यशाळा त्यांना चिक चॉकलेट या नावाने ओळखत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नृत्यसंगीत भारतीय भूमीवर रुजविणाऱ्या आद्य कलावंतांमध्ये त्यांची गणना होते. त्यांचा जीवनपट पाहताना मनात एक प्रश्न वारंवार उभा राहतो. ज्या मुलाला चर्चने सूर दिले, त्याने ते सूर नाचाच्या मंचावर नेले आणि तेथून ते सर्व देशाच्या ओठांवर पोहोचविले, त्या मुलाचे नाव कोणी लिहून ठेवायचे? हा प्रश्न एकट्या चिक चॉकलेट यांचा नाही. तो आपल्या समाजाच्या स्मरणशक्तीचा आहे.

चर्चच्या शाळेतील सा-रे-ग

आंतोनिओ वाझ यांचा जन्म १९१६ साली बारदेश तालुक्यातील अल्दोना या गावी झाला. म्हापसा नदीच्या काठी उभे असलेले तेथील सेंट थॉमस चर्च १५९६ सालचे. त्या काळचा गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता आणि तेथील प्रत्येक मोठ्या धर्मग्रामाला जोडून एक छोटी शाळा असे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेली ही परंपरा. या शाळेत मुलाला धर्मशिक्षण मिळे, अक्षरओळख होई आणि त्याबरोबर संगीतही शिकविले जाई. शिकविणाऱ्या गुरुजींना पोर्तुगीज भाषेत 'मेस्त्रे' म्हणत. चर्चच्या गायनवृंदाची जबाबदारी त्यांचीच असे.

या शिक्षणाचा क्रम कडक होता. प्रथम स्वरलिपी ओळखायची. कागदावरील पाच रेघा, त्यांवरील ठिपके, त्यांच्या मात्रा हे सारे वाचून तोंडाने म्हणून दाखवायचे. ते पक्के झाल्यावाचून वाद्य हाती पडत नसे. मग व्हायोलिन येई आणि त्यानंतर ज्याची जशी आवड व फुप्फुसांचे बळ तसे एखादे फुंकवाद्य. रविवारच्या पवित्र मिस्सेला, गावच्या सणाला, नोव्हेनाला आणि अंत्ययात्रेला ही मुले वाजवीत. कोठलाही कागद समोर ठेवा, तो पाहता पाहता वाजविण्याची तयारी त्यांना दहा-बारा वर्षांच्या वयात लाभे.

भारतीय संगीताच्या घराण्यांत विद्या कानाने येते आणि कंठाने जाते. तिची थोरवी निराळीच. तथापि पन्नास-साठ वादकांनी एकाच क्षणी आपापले निरनिराळे सूर वाजवायचे असतील तर कागदावर लिहिलेल्या संगीतावाचून गत्यंतर नसते. हे लिहिणे-वाचणे ज्या समाजाच्या मुलांना घरच्या अंगणात मिळाले, तो गोव्याचा कॅथलिक समाज होता. शेती तुटपुंजी, उद्योग नाहीत, अशा परिस्थितीत ही विद्याच पुढे अनेकांची भाकरी झाली.

चिक चॉकलेट यांच्या आईची इच्छा मात्र निराळी होती. मुलाने मेकॅनिक व्हावे, हाती खात्रीचा धंदा असावा, असे त्या माउलीला वाटे. आईचे हे भय आपल्यापैकी कोणत्या घराला अपरिचित आहे? वादकाचे पोट वाद्यावर भरत नाही, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण मुलाच्या कानात एक निराळाच ट्रम्पेट घुमत होता. तो समुद्रापलीकडच्या न्यू ऑर्लिन्स शहरातील लुई आर्मस्ट्राँग यांचा होता. ध्वनिमुद्रिकांवर ऐकलेला तो आवाज या मुलाने आपला गुरू मानला.

अनाथाश्रमांतून उगवलेले संगीत

या गुरूची बालपणाची कथा येथे सांगण्याजोगी आहे. लुई आर्मस्ट्राँग यांचा जन्म १९०१ साली न्यू ऑर्लिन्सच्या अत्यंत दरिद्री वस्तीत झाला. नववर्षाच्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार काढल्याबद्दल १९१३ च्या प्रारंभी त्यांची रवानगी निराधार कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली. त्या सुधारगृहाचा एक बँड होता. तेथेच त्यांच्या हाती कॉर्नेट हे वाद्य पडले आणि तेथेच शिस्तीने शिकणे घडले. जे घर शिक्षा म्हणून मिळाले तेच त्यांचे विद्यालय ठरले.

असाच, किंबहुना याहून आपल्या अधिक जवळचा इतिहास कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटावर घडला. आज जगभर गाजणारे रेगे संगीत या बेटाचे. रेगेतून पुढे निघालेल्या नाचाच्या गाण्यांना तेथे डान्सहॉल असे नाव पडले, कारण ती गाणी मोकळ्या पटांगणांत आणि नाचघरांत, ध्वनिक्षेपकांच्या प्रचंड भिंतीपुढे जन्माला आली. तबकडीवर नुसता ठेका वाजत असतो आणि निवेदक ध्वनिवर्धक हाती घेऊन त्या ठेक्यावर जागच्या जागी शब्द गुंफतो. गडबच्या बाजूला हळदीच्या रात्री ध्वनिक्षेपकांपुढे नाचणाऱ्या तरुणांना हे वर्णन ऐकून फारसे परके वाटणार नाही.

या संगीताची मुळे शोधत गेल्यास आपण किंग्स्टन शहरातील एका कॅथलिक संस्थेच्या दारात येऊन उभे राहतो. जेसी रिपोल नावाच्या एका कॅथलिक महिलेने सहकारी भगिनींसह १८८० साली तेथे निराधार बालकांसाठी आश्रय उभारला. १८९० साली इंग्लंडहून आलेल्या सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाच्या धर्मभगिनींनी त्याचा भार उचलला आणि १८९२ साली मुलांचा बँड सुरू झाला. हीच पुढे प्रसिद्धीस आलेली अल्फा बॉईज स्कूल. हेतू साधा होता. मुलाच्या हाती सुतारकाम, शिवणकाम, छपाई असा एखादा धंदा यावा. वाद्यवादन हाही त्या धंद्यांपैकी एक. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा लष्कराच्या बँडमध्ये वा हॉटेलच्या वाद्यवृंदात पोट भरू शकेल, एवढीच अपेक्षा.

घडले ते अपेक्षेपलीकडचे. टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघे अल्फाचे विद्यार्थी १९६४ साली स्कॅटलाइट्स या वाद्यवृंदात एकत्र आले. त्यांच्या 'स्का' संगीतातूनच त्या दशकाच्या अखेरीस रेगे उदयास आले. मुलांच्या या संगीतप्रेमाला खतपाणी घालणाऱ्या एका धर्मभगिनीचे नाव सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस. १९३९ सालापासून २००३ साली निधन होईपर्यंत त्या अल्फाच्या कार्यात होत्या. त्या तबकड्या जमवीत, मुलांना ऐकवीत आणि शाळेसाठी त्यांनी ध्वनिक्षेपकांचा संचही मिळविला. नाचाच्या संगीताकडे पाहून नाक मुरडणे त्यांना सोपे होते. त्यांनी ते केले नाही.

याच शाळेतून विन्स्टन फॉस्टर नावाचा एक मुलगा गेला. जन्मतःच त्याच्या कातडीत आणि केसांत वर्ण नव्हता. अशा अल्बिनो मुलांना जमैकात हीन लेखले जाई. आईबापांचे छत्र हरपलेला हा मुलगा बालसंगोपनगृहांत वाढला आणि कुचेष्टेचा विषय झाला. लोकांनी ज्या रंगावरून हिणविले त्याच रंगाचे नाव त्याने धारण केले आणि यलोमॅन म्हणून तो मंचावर उभा राहिला. १९७९ सालच्या एका गायनस्पर्धेने तो लोकांपुढे आला. १९८२ चा 'मिस्टर यलोमॅन' हा संग्रह गाजला आणि लवकरच बड्या अमेरिकन ध्वनिमुद्रिका कंपनीने करारबद्ध केलेला पहिला डान्सहॉल गायक होण्याचा मान त्याला मिळाला. त्याची बरीचशी गाणी शृंगाराच्या मर्यादा ओलांडणारी होती आणि त्यांवर जमैकात कठोर टीका झाली, हेही नमूद केले पाहिजे. ऐंशीच्या दशकात त्याला कर्करोगाने गाठले, शस्त्रक्रियेत जबड्याचा भाग गमवावा लागला. तरी तो पुन्हा गाऊ लागला आणि पुढे त्याच्या गाण्यांत अंतर्मुखता व सामाजिक आशय आला. २०१८ साली जमैका सरकारने त्याला राष्ट्रीय सन्मान दिला. त्याच वर्षी युनेस्कोने जमैकाच्या रेगे संगीताची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली.

न्यू ऑर्लिन्सचे सुधारगृह, किंग्स्टनची धर्मभगिनींची शाळा आणि अल्दोन्याचे चर्च ही तीन ठिकाणे एकमेकांपासून हजारो मैल दूर. तरीही तिन्ही ठिकाणी गरीब मुलाच्या हाती शिस्तीने एक वाद्य दिले गेले आणि पुढे त्या वाद्यातून काय निघेल हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. फरक एवढाच, की आर्मस्ट्राँग यांचे नाव अमेरिकेने जपले, अल्फाच्या मुलांची नावे जमैकाने जपली. आपण काय केले, ते पुढे पाहू.

मुंबईच्या नृत्यशाळा

त्या काळी गोव्याहून मुंबईला येणे म्हणजे बोटीचा किंवा लोंढ्यामार्गे आगगाडीचा प्रवास. मुंबईत उतरलेला गोमंतकीय तरुण धोबीतलाव वा माझगाव भागातील आपल्या गावच्या कुडीत पथारी टाकी. कूड म्हणजे गावकऱ्यांनी भाड्याने घेतलेले सामायिक बिऱ्हाड. एक मोठी खोली, भिंतीलगत पेट्यांची रांग, कोपऱ्यात देव्हारा आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेली रोझरी. बोटीवरचे खलाशी, आचारी आणि वादक येथेच एकत्र नांदत.

१९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि शहराने जॅझ प्रत्यक्ष ऐकले. पाठोपाठ टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे पियानोवादक आले. वेदरफर्ड भारतातच राहिले आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीने निवर्तले. या पाहुण्यांना साथीला वादक हवे असत. कागद वाचून वाजविणारे वादक त्यांना गोमंतकीयांत मिळाले. जॅझचा आत्मा मात्र कागदावर नसतो. लिहिलेल्या सुरावटीला वाकवून, थांबवून, लांबवून वादकाने त्या क्षणी आपले काही सांगायचे, ही त्याची रीत. चर्चच्या शाळेत शिकलेल्या तरुणांना ही रीत आत्मसात करण्यासाठी नव्याने शिकावे लागले. तोवर कागदाशी इमान राखणे हाच त्यांचा धर्म होता. आता कागद बाजूला ठेवण्याचे धैर्य हवे होते.

ते धैर्य चिक चॉकलेट यांच्या अंगी भरपूर होते. चाळीसच्या दशकात त्यांनी आपला 'म्युझिक मेकर्स' हा वाद्यवृंद उभारला. अपोलो बंदरावरील ग्रीन्स हॉटेलात आणि पुढे ताजमहाल हॉटेलात त्यांचा ट्रम्पेट वाजू लागला. आर्मस्ट्राँग यांच्याप्रमाणेच हाती पांढरा रुमाल, तशीच खरखरीत गायकी आणि तसेच हसरे मुद्राविलास. मुंबईचे रसिक त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणू लागले. आज कोणी या पदवीला अनुकरणाचा शिक्का म्हणेल. पण ज्या देशात तोवर या संगीताची परंपराच नव्हती तेथे अनुकरण हीच पहिली पायरी होती, आणि ती पायरी चढण्यासाठी असामान्य श्वास लागत होता.

स्वातंत्र्यानंतर वारे फिरले. इंग्रज साहेब गेले, संस्थानिकांचे वैभव ओसरले आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांच्या रात्री थंडावल्या. मद्य नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून बँड नाही. घरी पैसे पाठविणाऱ्या वादकांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर दादर, परळ, अंधेरी, गोरेगाव येथील चित्रपटांच्या स्टुडिओंत होते.

सी. रामचंद्र यांच्या शेजारी

चित्रपटाचे गाणे कसे तयार होई, हे समजून घेतल्याखेरीज या वादकांचे कार्य ध्यानात येणार नाही. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती चाल म्हणजे गाण्याचा कणा. मग साहाय्यक पुढे येई. तो चाल स्वरलिपीत लिहून घेई. तिच्याखाली कोणते स्वरसमूह वाजावेत, प्रारंभीचे संगीत कसे असावे, दोन कडव्यांमधील जागा कोणत्या वाद्याने भरावी, व्हायोलिनच्या रांगेने काय वाजवावे आणि ट्रम्पेटने कोठे ललकारावे, हे ठरवून प्रत्येक वादकासाठी निराळा कागद लिही. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ते कागद वाटले जात आणि दोन-चार तालमींत गाणे उभे राही. ही सारी कामे करणाऱ्यांत गोमंतकीय कॅथलिकांचा भरणा होता. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव ठळक अक्षरांत येई. वाद्यरचना करणाऱ्याचे नाव क्वचितच आणि वादकांचे बहुधा नाहीच.

सी. रामचंद्र हे मोठ्या मनाचे आणि तितक्याच मोठ्या कानाचे संगीतकार. मराठी मातीतला गोडवा त्यांच्या चालींत होताच. शिवाय पाश्चात्य नृत्यसंगीताचे त्यांना विलक्षण आकर्षण होते. १९४७ च्या 'शहनाई' चित्रपटात त्यांनी याची चुणूक दाखविली होती. चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक झाले आणि या आकर्षणाला जाणता हात मिळाला. १९५० च्या 'समाधी' चित्रपटातील एका अतिशय लोकप्रिय द्वंद्वगीतावर लॅटिन अमेरिकेच्या नृत्यसंगीताची स्पष्ट छाया आहे. १९५१ साली 'अलबेला' आला आणि या मैत्रीचा बहर सर्वांनी ऐकला.

'अलबेला'च्या बाबतीत एक गोष्ट विशेष आहे. त्यातील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद प्रत्यक्ष पडद्यावर दिसतो. क्यूबाच्या धर्तीचे, झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेली ही मंडळी भगवानदादा आणि गीता बाली यांच्या मागे वाजवीत असतात. पडद्यामागे राबणाऱ्या वादकांना काही मिनिटांपुरता का होईना, चेहरा मिळाला. ज्या कोणाला या लेखातील नायकाला पाहावयाचे असेल त्याने ते गाणे जरूर पाहावे आणि नाचणाऱ्यांवरून नजर काढून मागे उभ्या असलेल्या ट्रम्पेटवादकाकडे न्यावी.

त्याच साली 'नादान' या चित्रपटाला चिक चॉकलेट यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. पण स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. हिंदी चित्रपटाचे संगीत म्हणजे अखेर गीत, आणि गीताचा प्राण शब्दांत व रागदारीत. त्या दालनाच्या किल्ल्या त्यांच्यासारख्यांना सहज मिळणाऱ्या नव्हत्या. १९५७ च्या 'आशा' चित्रपटातील, बालगीतासारख्या निरर्थक बोलांचे ते धमाल गाणे सर्वांना आठवत असेल. त्या बोलांमध्ये चक्क कोंकणी शब्द आहेत, आणि ते रामचंद्र यांच्या वाद्यवृंदातील जॉन गोम्स या गोमंतकीयाने सुचविल्याचे सांगतात. सारा देश ज्या बोलांवर खिदळला त्यांत मांडवीकाठची मायबोली दडलेली होती, हे किती जणांना ठाऊक असेल?

चिक चॉकलेट १९६७ च्या मे महिन्यात निवर्तले. वय अवघे ५१ वर्षांचे.

पडद्यावरचा अँथनी आणि पडद्यामागचा

ते एकटे नव्हते. लाहोरच्या हॉटेलात वाद्यवृंद चालविणारे सेबास्तियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईस आले आणि शंकर-जयकिशन यांच्या संगीताची भव्य वाद्यरचना त्यांनी सुमारे दोन दशके सांभाळली. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड जॅझ वाजविता वाजविता चित्रपटात आले आणि १९६३ साली 'आमचें नशीब', तर १९६६ साली 'निर्मोण' हे कोंकणी चित्रपट त्यांनी निर्माण केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३ साली मुंबईत आले. व्हायोलिनवादक, वाद्यरचनाकार आणि गुरू अशी त्यांची ख्याती. भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ यांचा संगम साधण्यासाठी त्यांनी १९५८ साली वाद्यवृंद उभारला आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे ते अमेरिकेस गेले. परतल्यावर गोव्यात शांतपणे राहिले आणि २०१२ साली निधन पावले.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे पूर्ण नाव गुंफून त्यांनी ऋण फेडले. आता नियतीचा खेळ पाहा. ते नाव देशातील पोरासोरांच्या तोंडी झाले, पण एका विनोदी, मद्यप्रेमी पात्राचे नाव म्हणून. त्या नावाचा खराखुरा माणूस आहे, तो व्हायोलिन शिकवितो, सिम्फनी लिहितो, याची गाणाऱ्याला गंधवार्ता नव्हती.

हिंदी चित्रपटाने अनेक वर्षे कॅथलिक माणूस दाखविला तो गुत्त्यावरचा दारूडा, तोकड्या झग्यातील नर्तिका किंवा खलनायकाचा हस्तक म्हणून. त्याच चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहात, तेवढ्याच तासांत, कॅथलिक माणूस कागदावर वाकून स्वर लिहीत होता. त्याच्या लेखणीवाचून नायकाचे प्रेमगीत आणि नायिकेचा विरह मुका राहिला असता. पडद्यावरच्या अँथनीला सारे ओळखतात. पडद्यामागचा अँथनी अनामिक राहतो. ही खंत संगीतापुरती नाही. एका समाजाने देशाला काय दिले, याचा हिशेब चुकीच्या वहीत लिहिला गेला, हे खरे शल्य आहे.

ज्याचा सूर त्याचे नाव

वाचकहो, दोष केवळ चित्रपटवाल्यांच्या माथी मारून भागणार नाही. आपल्या घरांतही या कलावंतांविषयी एक संकोच होता. चर्चमध्ये वाजविणारा मुलगा आईबापांचे भूषण ठरे. तोच शनिवारी रात्री हॉटेलात वाजवू लागला की शेजारी कुजबुजत. हा संकोच अगदीच अनाठायी होता, असेही नाही. मद्यालयाच्या सावलीत आयुष्य काढणाऱ्या काही गुणी वादकांची वाताहत झाली. अपरात्रीचे काम, अनिश्चित मिळकत आणि म्हातारपणी कोणताही आधार नाही, ही त्या व्यवसायाची काळी बाजू होती. पुढे विद्युत्‌वाद्ये व संगणक आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत शंभर-शंभर वादकांचे ताफे इतिहासजमा झाले आणि अनेकांच्या हातचे काम गेले.

तरीही सिस्टर इग्नेशियस यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावेसे वाटते. यलोमॅनची सारी गाणी त्यांना रुचली असतील असे कोणी म्हणणार नाही. पण मुलगा कोठे गातो एवढ्यावरून त्याला परका मानण्याची त्यांची वृत्ती नव्हती. शाळेच्या मुलांची नावे त्यांना मुखोद्गत असत आणि त्यांच्या तबकड्या त्या जपून ठेवीत. जमैकाच्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांना म्हणूनच अल्फाच्या दारात यावे लागते. मुंबईच्या वादकांचा इतिहास लिहिला गेला तोही उशिरा. ग्रेगरी बूथ या अमेरिकन अभ्यासकाचा ग्रंथ २००८ साली आणि नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जॅझवरील पुस्तक २०११ साली प्रसिद्ध झाले. तोवर या पिढीतील बरेच जण काळाच्या पडद्याआड गेले होते. दोन्ही पुस्तके इंग्रजीत आहेत. मराठीत या वादकांविषयी त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले, आणि ज्या सी. रामचंद्र यांच्यावर मराठी माणूस जीव ओवाळून टाकतो त्यांच्या शेजारचा हा ट्रम्पेटवादक आपल्या वाङ्मयात जवळजवळ अनुल्लेखित राहिला.

यात आपल्याला करण्याजोगे बरेच आहे. रायगड जिल्ह्यातील कोर्लई गावात पोर्तुगीज वळणाची बोली आजही टिकून आहे, आणि तीत गायिली जाणारी गाणीही टिकून आहेत, कारण तेथील घरांनी ती सांभाळली. वसईच्या धर्मग्रामांत आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन गावठाणांत लग्नाला ब्रास बँड आणि घुमट वाजतो. त्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकणारे आजोबा कोठे शिकले, त्यांचे गुरुजी कोण, त्यांनी कोणत्या स्टुडिओत वाजविले, हे त्यांच्या नातवाने त्यांना कधी विचारले आहे काय? चर्चच्या माळ्यावर हस्तलिखित स्वरलिपींच्या वह्या वाळवीच्या तोंडी पडलेल्या असतात. पेटीच्या तळाशी काळा कोट घातलेल्या, हाती वाद्य धरलेल्या तरुणांची छायाचित्रे असतात आणि त्यांच्या मागे नावे लिहिलेली नसतात. ज्यांना ती नावे सांगता येतील अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

स्नानसंस्काराच्या नोंदवहीत धर्मग्राम प्रत्येक बालकाचे नाव लिहितो. अल्दोन्याच्या चर्चने ज्यांना सूर दिले त्यांत आंतोनिओ झेवियर वाझ हेही एक. अशाच दुसऱ्या कोणा वादकाचे छायाचित्र आपल्या घरी असेल, तर या रविवारी मिस्सेहून परतल्यावर ते बाहेर काढावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि वाद्य लिहावे.